हिरवी चौकट

सोलापूरच्या दुकानदारानं प्रेमानंदचे दोन्ही जुने कॅमेरे उलटेसुलटे केले, बटणं दाबून बघितली, एक कानाशी धरून आवाज ऐकला आणि मागच्या फळीवर बाकीच्या मोडीत ठेवून दिले. झालं. इतक्या वर्षांची संगत चहा निवायच्या आत संपली. बसस्टँडवरनं दुकानात येईपर्यंत प्रेमानंदला वाटत होतं, आपल्याला गलबलून येणार. कसलं काय! पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं त्याला. नव्या कॅमेऱ्याचा खोका मांडीवर घेऊन तो उमरग्याच्या एस.टी.त बसला, आणि नळदुर्ग मागं पडलं तरी खिडकीबाहेर नुसता बघत राहिला.

आता दोन कॅमेरे का, ते आधी सांगायला पाहिजे. उमरग्यात स्टुडिओ चालवणाऱ्या ह्या माणसाकडं एक कोरडा कॅमेरा असायचा आणि एक ओला. कोरडा लग्नाचा, बारशाचा, शाळेच्या गॅदरिंगचा. ओला विहिरीचा. आसपासच्या गावांत विहिरीत माणूस बुडालं की पोलीस फोटोला प्रेमानंदलाच बोलवायचे. बाकीचे फोटोवाले काठावर उभं राहून पंचनाम्याचे फोटो काढायचे, हा गडी पाण्यात उतरायचा. पोहायला विहिरीतच शिकलेला, छातीत दम धरून तळाची माती वर आणणारा. गोव्यात बुड्या मारून फोटो काढणाऱ्या एकाकडनं त्यानं एक जुनी पेटी घेतली होती. जाड, आरपार दिसणारी, कडेनं रबरी रिंग. कॅमेरा आत बसवायचा, कड्या लावायच्या, पाणी आत शिरत नाही. पण पेटी त्या एकाच कॅमेऱ्याच्या मापाची, दुसरा त्यात बसत नाही. घेतली होती हौसेनं. लोक विहिरीत कासव सोडतात, त्या कासवांचे फोटो काढायचे त्याच्या मनात होतं. पहिल्या उन्हाळ्यात काढलेही चार-दोन.

मग एका विहिरीवर त्यानं गळ टाकताना बघितला. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा घोस, पाण्यात पडलेली बादली काढायचा. बुडालेलं माणूसही त्यानंच ओढून काढतात, कारण गढूळ पाण्यात मेलेल्या माणसाला चाचपडायला पोहणारे राजी होत नाहीत, आणि त्यांचं तरी काय चुकतंय? ती नवी नवरी होती. आकडा रुतला तो गालात. तिची आई काठावर उभी होती. प्रेमानंद त्या रात्री जेवला नाही. त्यानंतर मात्र कुठंही बोलावणं आलं की आधी तो खाली जायचा, पदर कुठं अडकलाय, पाय कशात गुंतलाय त्याचे फोटो काढायचा आणि वर येऊन पोहणाऱ्यांना दाखवायचा. ते नेमके तिथं जाऊन सोडवून आणायचे. गळ तसाच पडून राहायचा.

तोंडाचा फोटो मात्र त्यानं एकदाही काढला नाही. फोकस हातानं लावायचा. दोरीवर, पाइपावर, जोडव्याच्या बोटावर. त्याच्या ओळखीचे जमादार बसवराज एकदा म्हणाले, "प्रेमानंदभाऊ, तोंड काऊन घेत न्हाव ओ?"

"तोंड वर आल्यावर घ्या की. खाली तोंडाशी माझं काय काम?"

लोकांना हे सगळं माहीत होतं. म्हणून तर लग्नाची सुपारी देताना मुलीचा बाप हमखास विचारायचा, "आमचा कॅमेरा निराळा हाय न्हवं?" निराळाच असायचा. ओला कॅमेरा कधी मांडवात गेला नाही, कोरडा कधी विहिरीवर गेला नाही. ओल्याची पिशवी घरातसुद्धा यायची नाही, दाराबाहेर खुंटीला असायची.

पण माणसानं किती करावं? थकला बिचारा. दुपारच्याला आडवा व्हायचा आणि पत्र्याकडं टक लावून पडायचा. बायको पंचशीला म्हणायची, "माशावानी उघड्या डोळ्यानं झोपायलाव का? पापण्या तरी पाडा की."

"पाडल्या की लई दिसतंय," तो म्हणायचा. काय दिसतं ते तिनं कधी विचारलं नाही. पंखा वाढवायची आणि आपल्या कामाला लागायची.

तर असा सगळा कंटाळा आल्यावर त्यानं ठरवलं. ओला कॅमेरा दुकानात देऊन टाकायचा, म्हणजे पेटी रिकामी. पेटी रिकामी म्हणजे विहीर बंद. जमादारांना सांगायचं, कॅमेराच न्हाय तर काय करू? विषय खलास. दोन्ही जुने देऊन एक नवा आणायचा, लग्नाचा, कोरडा. घरी आल्या आल्या त्यानं खुंटीवरची पेटी काढून पंचशीलाच्या हवाली केली. तिनं ती राखुंड्यानं घासली, उन्हात वाळवली आणि तीत पापड भरून ठेवले. पापड लई दिवस कुरकुरीत राहिले म्हणे.

नवा कॅमेरा खरं तर श्रावस्तीच्या हट्टाचा. श्रावस्ती ही त्यांची एकुलती एक. लातूरला शिकून आली आणि नोकरीच्या नादी न लागता बापाच्या स्टुडिओत बसली. खोका तिनंच फोडला.

"पप्पा, बघा. ह्याला फोकस शिकवावा लागत नाही. आपोआप डोळा शोधतो."

तिनं कॅमेरा आईवर धरला. पडद्यावर एक बारकी हिरवी चौकट इकडं तिकडं फिरली आणि टचकन पंचशीलाच्या डोळ्यावर जाऊन बसली. पंचशीलानं मान फिरवली, चौकट दुसऱ्या डोळ्यावर. दारातल्या शेळीवर धरला, शेळीचाही डोळा सापडला. मग बापावर.

"सापडले तुमचे पण!"

"बंद करतीस का आता," प्रेमानंद म्हणाला. त्याला ते काही बरं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी कुरिअरवाला आणखी एक खोका टाकून गेला. श्रावस्तीनं तो उघडला आणि आतनं निघाली नवी पेटी. पाण्याची! नव्या कॅमेऱ्याच्या मापाची. प्रेमानंदचं डोकंच फिरलं.

"ही कशाला आणलीस? कुणी सांगितलं तुला?"

"ओरडू नका ना. शेततळ्यात प्री-वेडिंग करणार आहे मी. निळं पाणी, साडी अशी पसरलेली, नवरानवरी पाण्याखाली हातात हात घेऊन. इकडं कुणीच करत नाही. पोहता मला तुम्हीच शिकवलं, मग ते काय वाया घालवू?"

बोलायला बिनतोड पोरगी. प्रेमानंद जेवणाच्या ताटावर बसला तरी धुसफुसत होता. शेवटी म्हणाला, "काढ तू पाण्यात फोटो. पण एक सांगतो. ह्यो कॅमेरा विहिरीवर जाणार न्हाय. मी न्हाय, तू तर न्हाईच न्हाय. शब्द दे."

"आणि कुणी बुडालं तर?"

"गळ हाय की त्यांच्याकडं."

बोलून गेला खरा, पण हातातला घास हातातच राहिला. त्यानं ताटात पाणी सोडलं आणि उठला. श्रावस्तीनं शब्द दिला, तो त्याच्या पाठीलाच दिला.

पहिलं काम मिळालं लोहाऱ्याच्या अलीकडं, आण्णासाहेबांच्या मळ्यात. आण्णासाहेब तिथले मोठे बागायतदार. त्यांच्या लेकीचं, शिवांजलीचं, लग्न ठरलेलं. नवरदेव रणधीर पुण्याला नोकरीला. शेततळं प्लॅस्टिकनं मढवलेलं, पाणी निवळशंख, हिवाळ्याचं कोवळं ऊन थेट तळापर्यंत गेलेलं. असलं तळं फार वाईट, प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. प्रेमानंदनं आधी चारी बाजूंनी दोर सोडून घेतले आणि मगच पोरांना पाण्यात जाऊ दिलं. श्रावस्तीनं पेटीत कोरा कागद ठेवून ती बादलीत बुडवून बघितली, कागद कोरडा निघाला, मग कॅमेरा आत बसवला.

आण्णासाहेबांनी नेमाचा प्रश्न विचारलाच. "काय प्रेमानंदा, कॅमेरा निराळा हाय न्हवं?"

"आण्णा, आता एकच हाय. पाण्यातला बी ह्योच आन्‌ मांडवातला बी ह्योच. नवा कोरा. त्यो ओला दिला म्या मोडीत."

"लई चांगलं केलंस. असलं काम लेकरंबाळं असलेल्यानं करूच नये," आण्णासाहेब म्हणाले आणि लिंबाखाली खुर्चीवर टेकले.

नवरदेव म्हणजे नुसती गंमत होती. पाण्याखाली गेला की गाल फुगवून डोळे गच्च मिटायचा. "अहो भाऊजी, डोळे उघडा, तुमचा डोळा सापडंना कॅमेऱ्याला!" श्रावस्ती वर येऊन ओरडायची आणि शिवांजली हसता हसता पाणी प्यायची. तिची केशरी साडी पाण्यात उलगडली की काठावरच्या बायकासुद्धा बोलायच्या थांबत. श्रावस्ती वर आली आणि तिनं पडदा बापाला दाखवला. शिवांजलीचा चेहरा, डोळे सताड उघडे, आणि डोळ्यावर ती चौकट. प्रेमानंदनं खूप वेळ बघितलं. पाण्याखाली हसणारं तोंड त्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

"चांगलं आलंय," एवढंच म्हणाला. पण त्याला खरोखर वाटलं, की आपण सुटलो.

तेवढ्यात बांधावरनं फटफटीचा आवाज आला. बसवराज जमादार होते. गाडी लावून ते घाम पुसत आले.

"बरं झालं भाऊ, हितंच गावलाव. मी उमरग्याला फोन लावायलो होतो. गुरुलिंगची बायको, जगदेवी. पलीकडच्या विहिरीत. सकाळी घागर घेऊन पायऱ्या उतरली, शेवाळावनं पाय सटकला. घागर तेवढी तरंगायलीय."

काठावरच्या बायका एकदम उठून उभ्या राहिल्या. जगदेवीला सगळे ओळखत होते. गुरुलिंगची जमीन आण्णासाहेबांच्या बांधाला बांध लागून.

"जमादार, माझ्याकडं कॅमेरा न्हाय," प्रेमानंद म्हणाला. ठरवून ठेवलेलं वाक्य होतं. पण समोर श्रावस्ती एका हातात दोर, एका हातात पेटी धरून पाण्यात, आता काय बोलणार? त्यालाच लाज वाटली. वीस वर्षं ज्यानं दोन कॅमेरे एकमेकांच्या सावलीला उभे केले नाहीत, त्यानंच आपल्या हातानं दोन्हींचा एक करून ठेवला होता.

"मग गळ टाकतो," बसवराज म्हणाले. धमकी नव्हती ती. ते स्वतःच दमलेले दिसत होते. "गावातनं आणायला माणूस गेलाय."

आण्णासाहेब खुर्चीवरनं उठले. "प्रेमानंदा, माझ्या पोरीचे फोटो हायेत त्याच्यात. एक सांगून ठेवतो, त्यो कॅमेरा तिकडं गेला तर परत माझ्या दारात आणायचा न्हाय. लग्नाला बी न्हाय."

"आण्णा, असं काय बोलताव..." शिवांजली पाण्यातनंच म्हणाली.

"तू गप बस."

प्रेमानंद काही बोलायच्या आत पिकातनं एक म्हातारा आला. गुरुलिंग. पायात चप्पल नव्हती. तो आण्णासाहेबांकडं बघेना, जमादारांकडं बघेना. सरळ प्रेमानंदपुढं येऊन उभा राहिला.

"भाऊ, ती सुईला भ्यायची ओ," तो म्हणाला. "दवाखान्यात इंजेक्शन म्हटलं की माझा हात धरायची. गळ कसा सोसंल तिला?"

प्रेमानंदनं खाली बघितलं. मग काठाशी जाऊन श्रावस्तीपुढं हात केला. "आण ती पेटी. मी जातो. तू हितंच ऱ्हा."

श्रावस्तीनं काठावर येऊन हात पुसले, पेटी उघडली, फोटोंचं कार्ड काढलं आणि शिवांजलीच्या ओल्या मुठीत ठेवलं. "ताई, तुमचे फोटो तुमच्यापाशी. आता कॅमेरा रिकामा आहे." काठावरच्या पिशवीतलं दुसरं कार्ड घालून तिनं पेटी बंद केली आणि बापाच्या मागं निघाली. ऱ्हा म्हटलं म्हणून राहणारी ती नव्हतीच.

विहीर जुनी, दगडी, खोल. अर्ध्या गावानं कडेला गर्दी केलेली. प्रेमानंदनं कमरेला दोर बांधला, पेटीचा दिवा लावला, छाती भरून श्वास घेतला आणि खाली गेला. पूर्वी हे अंग आपोआप खाली जायचं. आता कान ठणकायला लागले, बरगड्या आवळल्या. पाणी लोकांनी ढवळून ढवळून काळं केलेलं. हात दिसेना. पाइप हाताला लागला, तो धरून तो आणखी खाली सरकला. पडद्यावर नुसता गाळ. हिरवी चौकट त्या गाळात इकडनं तिकडं फिरत होती, काहीतरी शोधत होती. त्याला तिला थांबवायचं होतं, कसं थांबवायचं ते माहीत नव्हतं. आणि चौकट थांबली. गाळात, काळोखात, एका जागी गच्च बसली.

तिला डोळा सापडला होता.

प्रेमानंदच्या तोंडातनं सगळी हवा सुटली. तो वर आला तेव्हा खोकत होता, नाकातनं पाणी येत होतं. बटण दाबायचं राहूनच गेलं होतं.

"दिसलं का काय?" बसवराजनं विचारलं.

"न्हाय. काय न्हाय दिसलं."

त्याला पायरीवर बसवलं. त्यानं पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पण खोकल्याची उबळ थांबेना. वरच्या अंगाला लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज झाला. गळ आला होता. गुरुलिंग विहिरीकडं पाठ करून खाली बसला आणि त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

श्रावस्तीनं बापाच्या कमरेचा दोर सोडला आणि आपल्या कमरेला बांधला.

"नगं," प्रेमानंदनं तिचं मनगट धरलं. "श्रावस्ती, तू शब्द दिला होतास मला. नगं, बाळ."

"दिला होता," ती म्हणाली. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, पेटी घेतली आणि गेली.

त्या वेळी प्रेमानंदला कसं झालं असेल, ते मी काय सांगू! दोर त्याच्या हातातनं सरकत होता आणि पाण्यावर बुडबुडे येत होते. खाली काय आहे ते तिथल्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि तिथं आता त्याची पोर होती. एकदा ती वर आली, कुणाकडं न बघता श्वास घेतला आणि परत गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा पायरी धरून म्हणाली, "गळ टाकू नका. पदर मोटारीच्या पाइपाच्या जाळीत गुंतलाय. डाव्या अंगानं जा. पदर कापा, ओढू नका." तेच शब्द, तोच ठेका. इतकी वर्षं प्रेमानंद जे बोलत आला, ते ती न शिकवता बोलली.

तिनं पडदा दाखवला. दिव्याच्या उजेडात अगदी जवळनं काढलेले फोटो लख्ख होते. दोघं पोहणारे खाली गेले आणि जगदेवीला अलगद वर घेऊन आले. गुरुलिंगनं कानांवरचे हात काढले. बायकोच्या तोंडावरचे केस बाजूला केले, गालावरनं, कपाळावरनं बोटं फिरवली. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. मग तो रडला.

तिकडं बांधापलीकडं आण्णासाहेबांची जीप चालू झाली आणि निघून गेली. ते काम गेलं, आणि त्यांच्या पाहुण्यारावळ्यांची कामंही गेली, हे प्रेमानंदला आवाजावरनंच कळलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

श्रावस्ती विहिरीच्या काठावर दगडाला टेकून बसली होती. कुणीतरी तिच्या अंगावर घोंगडी टाकली होती. दात वाजत होते आणि डोळे गच्च मिटलेले. प्रेमानंद शेजारी बसला. त्याचे हात जे नेहमी करायचे तेच करू लागले. त्यानं पेटी पुसली, कड्या काढल्या, रबरी रिंगेवरनं बोट फिरवलं. पाणी शिरलं नव्हतं. कॅमेरा बाहेर काढून चालू केला, आणि चालतोय का बघायला समोर धरला, तर समोर श्रावस्ती होती. हिरवी चौकट तिच्या तोंडावर फिरायला लागली. कपाळावर गेली, गालावर गेली, परत फिरली. तिला काही जागा सापडेना.

"बाळ, डोळे उघड."

"जरा थांबा पप्पा. मिटून बसू द्या."

"नगं. मिटू नगं. मिटले की जास्त दिसतंय." त्यानं कॅमेरा जवळ नेला. "उघड. हितं बघ, माझ्याकडं."

तिनं डोळे उघडले. लाल झाले होते. चौकट टचकन जाऊन बसली.

"पप्पा," ती म्हणाली, "हे जातं कधी ओ?"

प्रेमानंदनं कॅमेरा तोंडापुढनं काढला नाही.

"जातंय," तो मागनंच म्हणाला. "जातंय हळूहळू."